‘एच.पी.’चा शिक्का असलेला जुना कॉर्नेट: लांब करू, की आहे तसाच वाजवू?

पाऊणसूर

मंडळी, माझा पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

ट्रम्पेट बारा वर्षं वाजवतोय, पण जुनं वाद्य कधी हाताळलं नव्हतं. मागच्या महिन्यात एका घरातली अडगळ बाहेर निघाली, त्यात एक कॉर्नेट (ट्रम्पेटचा दिसायला आखूड भाऊ) मिळाला. पेटी कुजलेली, आतलं मखमल भुकटी होऊन हाताला लागतंय. वाद्य मात्र ठणठणीत. चांदीचा मुलामा अर्धाअधिक उडालाय, कर्ण्यावर वेलबुट्टी कोरलेली आहे, दोन लहान पोचे आहेत. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नाही. एक नंबर आहे आणि दुसऱ्या व्हॉल्व्हच्या नळकांड्यावर ‘एच.पी.’ अशी दोन अक्षरं ठोकलेली आहेत.

व्हॉल्व्हना तेल घातलं आणि वाजवून पाहिला. ट्रम्पेट काढला की पलंगाखाली पळणारं आमचं मांजर चक्क जवळ येऊन बसलं. यावरून आवाज कसा असेल ते ओळखा.

आता रडगाणं. ट्यूनर लावला तर प्रत्येक स्वर ६५ सेंटच्या (१०० सेंट म्हणजे अर्धा सूर) आसपास चढा. मुख्य स्लाईड (सूर जुळवायची सरकती नळी) जेमतेम २ सेंमी बाहेर येते. तेवढी ओढूनही १५ सेंट चढाच राहतो. पियानोबरोबर वाजवायचं नाव नको. एका दुरुस्तीवाल्याला दाखवला, तो म्हणाला, पुढच्या नळीत एक तुकडा डाखून कायमचा लांब करून देतो. करू का? मन धजत नाही, पण नुसता भिंतीवर टांगायलाही नकोसं वाटतं.

वाचनमात्र

एच.पी. म्हणजे हॉर्सपॉवर. किती ते लिहिलं नसेल तर अंदाजाने विहिरीवर बसवा.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

सव्वाशेर

यात धागा काढण्यासारखं काय आहे? स्लाईडच्या दोन्ही नळ्या सेंटीमीटरभर कापा, विषय संपला. जुन्या वस्तू देव्हाऱ्यात ठेवायची लोकांना भारी हौस.

डाखवाला

सव्वाशेर, कापली की नळी आखूड होते. आखूड नळी आणखी चढते. यांचा कॉर्नेट आधीच चढा आहे. कापायचा तो उतरलेला.

सव्वाशेर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(घाईत लिहिलं. देव्हाऱ्याबद्दलचं मत कायम आहे.)

कर्णफुली

पाऊणसूर, ‘एच.पी.’ म्हणजे हाय पिच, चढी पट्टी. तुमचं वाद्य बिघडलेलं नाही. ते ज्या काळासाठी बनलं त्या काळाच्या सुरात ते बरोबरच वाजतंय.

आज मधला ‘ए’ ४४० हर्ट्झचा धरतो, पण हे जगाने मान्य केलं ते लंडनच्या १९३९च्या परिषदेत. त्याआधी ज्याची त्याची पट्टी. एकोणिसाव्या शतकात ती सगळीकडे वर सरकत गेली, कारण चढं वाद्य जास्त चमकदार वाटतं आणि मोठ्या सभागृहात उठून दिसतं. गायकांचे गळे मात्र ताणले जायला लागले. फ्रान्सने १८५९ मध्ये कायदा करून ४३५ ठरवून टाकलं. ब्रिटनमध्ये ४५२च्या आसपासची पट्टी चालू राहिली आणि अमेरिकन बँडमध्ये ४५७ पर्यंत गेली. पुढे वाद्यवृंद खाली आले, बँड नाही आले. वाद्यवृंदातला माणूस आपलं एक वाद्य बदलतो, बँडला पंचवीस वाद्यांचा अख्खा संच बदलावा लागतो आणि तेवढा पैसा कुणाकडेच नव्हता. ब्रिटनमधले ब्रास बँड तर १९६०च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत वाजवत होते. मधल्या काळात दोन्ही पट्ट्या बाजारात होत्या, म्हणून वाद्यांवर एच.पी. किंवा एल.पी. (लो पिच, उतरी पट्टी) असा शिक्का यायला लागला.

४४० आणि ४५७ यांच्यात ६५-६६ सेंटचा फरक पडतो. तुमच्या ट्यूनरने तोच आकडा दाखवलाय. म्हणजे ४५७ची पट्टी. सगळ्यात वैतागाची, कारण पुरता अर्धा सूर असता तर सरळ वरच्या पट्टीतलं वाद्य समजून वाजवलं असतं. ही मध्येच लोंबकळते.

फक्त एक करा. मोजण्याआधी दहा मिनिटं वाजवून वाद्य ऊबदार होऊ द्या. आतली हवा एका अंशाने तापली की सूर साधारण ३ सेंट चढतो. थंड वाद्यावरचं माप खरं धरू नका.

पाऊणसूर

ताई, _/\_. हे कुणीच सांगितलं नव्हतं. गरम करून पुन्हा मोजलं, ६६.

रसायनी

धागा छान चाललाय, पण एक विचारू का? महिनाभर तुम्ही तो वाजवताय. त्याआधी आतून धुतलात?

पाऊणसूर

...तेल घातलं होतं.

रसायनी

हात जोडते. कुजलेल्या पेटीतून काढलेलं वाद्य न धुता तोंडाला लावलंत? ब्रास वाद्याच्या आत ओल, थुंकी, धूळ, वर काळोख. बुरशीला आणखी काय लागतं? कित्येक वर्षं खोकणाऱ्या एका ट्रम्बोनवाल्याचं प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलंय. त्याच्या वाद्यातच बुरशी आणि जिवाणू निघाले. वाद्य नीट स्वच्छ करायला लागल्यावर खोकला थांबला. आपण फक्त फुंकतो असं वाटतं, पण मध्येमध्ये श्वास त्याच तोंडाने आत ओढतो.

कोमट पाणी (गरम नको, लॅकर सोलतं), भांड्यांचा सौम्य साबण, लवचिक तारेचा लांब ब्रश. व्हॉल्व्ह आणि स्लाईड आधी काढून घ्या. व्हॉल्व्ह परत घालताना त्यांच्यावरचे १, २, ३ आकडे बघा, ते अदलाबदल झाले तर वाद्यातून हवाच जाणार नाही आणि तुम्ही इथे नवा धागा काढाल.

वाळल्यावर माऊथपीसकडच्या नळीचा पहिला वीतभर भाग उजेडात धरून बघा. गुलाबी ठिपका आणि त्याच्या मधोमध काळपट टिंब दिसलं तर काळजी. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. थुंकीतल्या आम्लाने जस्त निघून जातं, मागे सच्छिद्र तांबं उरतं. तोच गुलाबी डाग. आतून बाहेर आलेला असतो, म्हणजे तिथला पत्रा गेलेला असतो. बाहेरून घासून तो जात नाही.

सव्वाशेर

मग बाहेरून मस्त पॉलिश मारून घ्या. अमोनियावालं, आरशासारखं चमकतं.

रसायनी

सव्वाशेर, तुम्ही मुद्दाम करता का हो? :)

ठोकून, वाकवून आकार दिलेल्या पितळेत ताण अडकून राहिलेला असतो. त्याला अमोनिया लागला की पत्रा कणाकणांच्या सांध्यांतून तडकतो. याला इंग्रजीत ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात, आणि तो सीझन म्हणजे आपला पावसाळा! एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असायची, ती बाहेर काढली तर तडकलेली निघायची. दोष घोड्यांच्या मुतातल्या अमोनियाचा. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला याचा नीट उलगडा झाला. काडतुसाचं कवच जसं ओढून बनवतात तसाच कॉर्नेटचा कर्णा ठोकून, ओढून बनवतात.

शिवाय पॉलिश म्हणजे बारीक वाळू. दर वेळी थोडा मुलामा आणि थोडी वेलबुट्टी फडक्यावर येते. मऊ कापडाने पुसा, बास.

वाचनमात्र

माझी हॉर्सपॉवरची कोटी घोड्यांमुळे सिद्ध झाली याची नोंद घ्यावी.

डाखवाला

पाऊणसूर, फोटो बघितले. माऊथपीस ज्यात बसतो तो चार बोटांचा तुकडा आणि पुढची नळी यांच्यामध्ये एक बारीक रेघ आहे. ती डाखाची रेघ वाटत नाही. तो तुकडा सुटा असणार. त्या काळच्या कॉर्नेटला शँक असायचे, म्हणजे खोचायच्या सुट्या नळ्या. आखूड शँक लावला की वाद्य बी फ्लॅटमध्ये, लांब लावला की ए मध्ये. तुमचा शँक शंभर वर्षं तिथेच बसून चिकटलाय. तो निघाला तर तुमच्या वाद्याला डाख, कापाकापी काहीच लागणार नाही.

पण जबरदस्ती करायची नाही. पक्कड तर बघायचीसुद्धा नाही. सांध्यावर झिरपणाऱ्या पातळ तेलाचे दोन थेंब सोडा आणि विसरून जा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन थेंब. असं आठवडाभर. मग सांध्याला बाहेरून गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा. बाहेरची नळी आधी फुगते, आतली मागून. त्या मधल्या अर्ध्या मिनिटात शँक हाताने पिळायचा, ओढायचा नाही. नाही हलला तर परत तेल. दुरुस्तीच्या धंद्यात निम्मी वाद्यं अधीरपणाने मरतात, गंजाने नाही.

आणि एक, पेटी फेकलेली नाही ना?

पाऊणसूर

पेटी कचऱ्यात टाकायला बाहेर ठेवली होती, तुमचा प्रतिसाद वाचून पळत जाऊन परत आणली.

युफो_आजोबा

वाचतोय. माझ्याकडे चढ्या पट्टीचा युफोनियम (ट्युबाचा धाकटा भाऊ) आहे, चार व्हॉल्व्हचा, ब्रिटिश. कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे चौथा व्हॉल्व्ह दाबून दुसरे दाबले की हवा आपोआप जास्तीच्या छोट्या नळ्यांतून फिरून येते आणि खालचे स्वर चढे लागत नाहीत. ही डेव्हिड ब्लेकलीची युक्ती, पेटंट १८७४चं, आजही चांगल्या युफोनियमात तीच आहे. पंधरा वर्षं एकटाच वाजवतोय, कारण बरोबरीला या पट्टीचं कुणी सापडत नाही. लांब करायचा विचार मीही केला होता. पावणेतीन मीटर नळी आहे, साडेसात सेंटीमीटर वाढवावी लागली असती आणि वर आठ-दहा लहान स्लाईड. नाद सोडला.

कर्णफुली

डाखवालेदादांच्या ‘अधीरपणा’वर माझी कबुली. माझं पहिलं जुनं वाद्य ऑफिक्लाइड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्युबा येण्याआधीचं खर्जाचं वाद्य, पॅरिसमध्ये १८१७च्या सुमारास निघालं. दिसायला सॅक्सोफोनचा लांबट आजोबा, पण फुंकायचं ओठांनी, ट्रम्बोनसारखं. नळीला मोठमोठी भोकं आणि त्यांवर चामडी गाद्यांच्या कळा. सगळ्या कळा एरवी बंद, कर्ण्याजवळची एकच उघडी. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझने १८३०च्या ‘सिंफनी फँटास्टिक’मध्ये वापरलंय. १८३५ मध्ये बर्लिनला ट्युबाचं पेटंट निघालं आणि याचे दिवस भरत आले.

तर माझ्या ऑफिक्लाइडच्या कर्ण्याला तळहाताएवढा पोचा होता. आवाजाला काडीचाही फरक पडत नव्हता, डोळ्यांना खुपत होता. मी हट्ट धरला, कारागीर नको म्हणत असताना. लाटून लाटून पोचा वर आला आणि शेवटच्या फेऱ्यात पत्रा बोटभर फाटला. आज तिथे ठिगळ आहे. रुंद भागातला पोचा आवाजाचं फारसं बिघडवत नाही. माऊथपीसजवळच्या अरुंद नळीतला हरभऱ्याएवढासुद्धा बिघडवतो. कुठला काढायचा हे यावरून ठरवा, दिसण्यावरून नाही.

सव्वाशेर

मग सरळ न वाजवता जपून ठेवा ना. संग्रहालयं तेच करतात. वाजवलं की झिजणारच.

कर्णफुली

हा मुद्दा मात्र फेकण्यासारखा नाही. इजिप्तचा राजा तुतनखामनच्या थडग्यात दोन कर्णे सापडले, एक चांदीचा, एक तांब्याच्या मिश्रधातूचा. तीन हजारांहून जास्त वर्षांचे. १९३९ मध्ये ते कैरोहून बीबीसी रेडिओवर वाजवले. त्याआधीच्या एका प्रयत्नात चांदीचा कर्णा फुटून तो जोडावा लागला होता. वर त्यात आधुनिक माऊथपीस घुसवलेला, म्हणजे ऐकू आलं ते नक्की कुणाचं, फॅरोचं की माऊथपीसचं? तसलं वाद्य हातात आलं तर मीही वाजवणार नाही. ज्याची जगात दुसरी जोड नाही, किंवा ज्याच्या आतला मळसुद्धा पुरावा आहे, ते ठेवून त्याची नक्कल वाजवावी.

पण पाऊणसूर यांचा कॉर्नेट कारखान्यात शेकड्यांनी बनलेला. त्याच्यात दुर्मीळ आहे ती फक्त त्याची अवस्था. न वाजवता ठेवलेल्या वाद्याचे व्हॉल्व्ह अडकतात, स्लाईड चिकटतात, याच धाग्यात बघतोय की आपण. माझा नियम एवढाच आहे: उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं तर मी केलेलं सगळं त्याला एका संध्याकाळी काढून टाकता आलं पाहिजे. तेल, धुणं, नवा बूच, नवी गादी, जास्तीची स्लाईड, हे चालतं. नळीत तुकडा डाखणं नाही चालत.

सव्वाशेर

ठीक. हे पटलं. (स्क्रीनशॉट काढू नका.)

डाखवाला

+१. आणि व्हॉल्व्ह गळतात का ते बघून ठेवा. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाईड थोडी ओढा, पाच-सहा सेकंद थांबा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. ‘टप्’ असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. नाही आला तर आधी घट्ट तेल वापरून बघा, लगेच नवा मुलामा चढवायला धावू नका. कित्येकदा पिस्टन चांगलाच असतो, पाणी काढायच्या कळीखालचा बूच वाळून गळत असतो आणि लोक अख्खं वाद्य खोलून बसतात.

पाऊणसूर

अपडेट! धुतलं. काय काय निघालं ते लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल. गुलाबी ठिपके नाहीत. तिन्ही व्हॉल्व्ह ‘टप्’. पाणीकळीचा बूच मात्र हाताला लागताच चुरा झाला, नवा बसवला आणि खालचा सा, जो नेहमी थरथरायचा, एकदम स्थिर झाला.

शँक सहाव्या दिवशी फिरला. ‘कट्’ असा आवाज आला तेव्हा वाटलं मोडला. नाही मोडला.

आणि पेटीत मखमलाच्या खाली एक कप्पा आहे. त्यात हिरवीगार झालेली एक नळी! लांब शँक! माप घेतलं, आखूडपेक्षा बरोबर ८ सेंमी लांब. जिंकलो ना मी?

वाचनमात्र

टाळ्या. धागा सत्कारणी.

डाखवाला

थांबा, थांबा. तो ए चा शँक आहे, चढ्या पट्टीतल्याच ए चा. लावून ट्यूनर बघा.

पाऊणसूर

बघितलं. आखूड शँकने ६६ चढा. लांबने ३४ उतरा. इकडे आड तिकडे विहीर.

वाचनमात्र

विहीर म्हणाल्यावर हॉर्सपॉवर...

कर्णफुली

वाचनमात्र, बास आता.

पाऊणसूर, उदास होऊ नका, उत्तर तुमच्या हातातच आहे. या नळीच्या वाद्याला बी फ्लॅटमध्ये साधारण १३२ सेंमी लांबी आहे, ४४०ला यायला १३७ हवी. म्हणजे आखूड शँकपेक्षा पाच सेंटीमीटरहून किंचित जास्त लांब असा तिसरा शँक करून घ्या. मूळचे दोन्ही तसेच पेटीत. वाद्याला कुणी हात लावणार नाही.

डाखवाला

हेच लिहायला आलो होतो. मी म्हणेन पाचच सेंटीमीटर करा, उरलेलं मुख्य स्लाईडवर जुळवा. नाहीतर थंडीत वाद्य उतरलं की वर न्यायला जागा उरत नाही. आतला निमुळतेपणा जुन्या शँकवरून घ्या, सरळ नळी नको.

आणि व्हॉल्व्हच्या स्लाईड विसरू नका. अख्खं वाद्य सुमारे ४ टक्क्यांनी लांब झालं म्हणजे त्याही त्याच हिशेबाने लांब हव्यात. पहिली ३ मिमी, दुसरी दीड मिमी, तिसरी ५ मिमी ओढून ठेवा, मग कानाने जुळवा. लोक मुख्य स्लाईड ओढतात, या तीन तशाच ठेवतात आणि मग म्हणतात जुनी वाद्यं बेसूर असतात.

कर्णफुली

माऊथपीस कुठला वापरताय?

पाऊणसूर

माझ्या ट्रम्पेटचाच. पूर्ण आत जात नाही, जरा हलतो.

कर्णफुली

अरे देवा. सगळ्या धाग्यातला हा खरा गुन्हा. जुन्या कॉर्नेटचा माऊथपीस आतून नरसाळ्यासारखा खोल असतो, तुमचा ट्रम्पेटचा वाटीसारखा उथळ. उथळ वाटीने वरचे स्वर ताणतात आणि कॉर्नेटचा मऊपणा जाऊन ट्रम्पेटचा दुबळा भाऊ ऐकू येतो. शिवाय पूर्ण आत न गेलेला माऊथपीस म्हणजे मध्ये फट, फटीत हवा घुटमळते. खोल माऊथपीस मिळवा, जुना मिळाला तर उत्तमच. फक्त कडेची चांदी उडालेली असेल तर आधी मुलामा द्या, उघडं पितळ ओठांना खाजवतं. पहिले पंधरा दिवस वैताग येईल, वरचे स्वर हाताला लागणार नाहीत. टिकून राहा.

मांजराला त्या माऊथपीससकट आवडलाय तर आता काय होईल बघा.

युफो_आजोबा

पाऊणसूर, एक हिशेब करून बघितला. माझा युफोनियम ४५२. तुमचा कॉर्नेट आखूड शँकने ४५७. फरक १९ सेंट. मला वर येता येत नाही, माझी स्लाईड पूर्ण आत आहे. तुम्हाला खाली येता येईल, मुख्य स्लाईड सात-साडेसात मिलिमीटर ओढली की बस.

नवा शँक जरूर करा, पियानोसाठी. पण जुना फेकू नका.

पाऊणसूर

आजोबा, फेकतोय कसला! कळवा कधी येऊ.

पाऊणसूर

दोन महिन्यांनी धागा वर काढतोय, माफी.

शँक झाला. एका लेथवाल्याकडून करून घेतला, निकेल सिल्व्हरचा (नावात चांदी, आत तांबं, जस्त आणि निकेल, रसायनीताई हसू नका). पियानोबरोबर वाजतो. मधला सप्तक सुरेख, खाली पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की अजून चढा लागतो, तेवढं ओठाने ओढून घेतो. खोल माऊथपीस मिळाला. पंधरा नाही, पंचवीस दिवस वैताग आला.

मागच्या रविवारी आजोबांकडे गेलो होतो. कॉर्नेटला आखूड शँक, स्लाईडवर पेन्सिलने ७ मिमीची खूण. ट्यूनर घरीच राहिला होता. पहिला लांब स्वर दोघांनी लावला, थोडा डचमळला, मी स्लाईड केसभर आत घेतली आणि डचमळ थांबली. मग तीन तास उठलो नाही. त्यांची नात मध्ये येऊन पियानोवर तोच स्वर दाबून बघत होती आणि ‘तुम्ही दोघं चुकताय’ म्हणत होती.

युफो_आजोबा

तिला सांगितलं, पियानो उतरलाय.

पुढच्या वेळी येताना लांब शँकही आणा. चढ्या पट्टीतल्या ए मधले काही जुने कागद निघालेत माझ्या कपाटात.

सव्वाशेर

मंडळी, एक बिगूल मिळालाय, तांब्याचा, कडेला पितळी पट्टी. माऊथपीस आत अडकलाय. पक्कड लावलेली नाही. काय करू?

डाखवाला

नवा धागा काढा. आणि तेल आणून ठेवा.